खातेदार घरी नाहीत

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग लोकव्यवहारात पूर्वापार चालत आले आहेत, त्यांपैकी घाटावरच्या भागात, म्हणजे मेहकर, लोणार आणि सिंदखेडराजा या तालुक्यांच्या टापूत, माझ्या उमेदीची सारी वर्षे लोकांच्या घरातील टीव्ही चालू ठेवण्याच्या व्यवसायात गेली. आरंभी केबलची तार, पुढे सेट-टॉप बॉक्स आणि आता काचेच्या तंतूवरून येणारे इंटरनेट, अशी साधने पालटत गेली. पण दिवेलागणीनंतर येणारा फोन आणि त्यातला अगतिक स्वर हे मात्र तसेच राहिले. त्या स्वराविषयी, आणि नेटवरून येणाऱ्या चित्रपट-मालिकांच्या ज्या तक्रारी अलीकडे माझ्याकडे येतात त्यांच्या खऱ्या स्वरूपाविषयी, मला काही निवेदन करावयाचे आहे.

केबलच्या काळात तक्रारीचा उगम आणि तिचा निकाल ही दोन्ही गावच्या शिवेच्या आत असत. तार तुटली, खांबावरचा ॲम्प्लिफायर विजेने जळाला, अथवा महिन्याचे पैसे थकल्यामुळे जोडणी तोडली गेली, तर दोष कोणाचा याविषयी वाद होई. तो कोठे आहे याविषयी संभ्रम नसे. ग्रामीण भागासाठी ३१ मार्च २०१७ ही सेट-टॉप बॉक्सची अखेरची मुदत ठरली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून एकेक वाहिनी निवडून तिचे दाम मोजण्याची पद्धत आली, तेव्हा बॉक्सचा क्रमांक आणि ग्राहकाचे नाव यांची रुजवात दूरच्या दप्तरात होऊ लागली. तथापि वसुलीची पावती फाडणारा मनुष्य अजून दारात येत असे. त्यापूर्वीच, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली होती आणि डेटा इतका स्वस्त झाला होता की शेतात जागलीला गेलेला गडीही हातातल्या मोबाईलवर चित्रपट पाहू लागला होता. मग टाळेबंदी आली, मुलांच्या शाळेच्या निमित्ताने घरात वायफाय आले, आणि शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर ते वायफाय टीव्हीला जोडले गेले. आज डोणगाव, जानेफळ, सुलतानपूर, साखरखेर्डा अशा गावांतून हिंडताना मला जी घरे लागतात, त्यांतील चित्र दूरच्या सर्व्हरवरून येते, त्याचे पैसे बँकेतून जातात, ते पाहण्याची परवानगी मोबाईल क्रमांकावरून मिळते आणि त्याचा वेग आमच्या तारेतून येतो. यांतील एक वाट जरी अडली तरी पडदा थांबतो; आणि या सर्व वाटांचा जबाबदार म्हणून गावाच्या डोळ्यांसमोर असतो तो एकटा तारवाला. सबब फिर्याद माझ्याकडे येते, आणि ती माझ्याकडे यावी यात मला काही गैर वाटत नाही, कारण ज्यांच्याकडे ती खरोखर जावयास हवी त्यांना या घरांचा पत्ताही ठाऊक नाही.

"भाऊ, नेट चालून नाही राह्यलं," हे एक वाक्य आमच्याकडे सर्व प्रकारच्या बिघाडांना पुरते. ते ऐकताच राउटर बंद करून पुन्हा लावा असा ठरीव सल्ला देऊन मोकळे होण्याचा शिरस्ता मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे, आणि तो सल्ला कधीकधी लागूही पडतो. परंतु ज्याला दोष शोधावयाचा आहे त्याने यंत्राला हात लावण्यापूर्वी माणसाला बोलू द्यावे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. पडद्यावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो आणि तो वाचून दाखवणे वडीलधाऱ्यांना जमतेच असे नाही. पण जे दिसते त्याचे वर्णन ते इतक्या नेमकेपणाने करतात की कान देणाऱ्याचा अर्धा तपास फोनवरच पुरा होतो. "गोल गोल फिरून राह्यलं" असे काकू म्हणाल्या की वेगाची अडचण समजावी. "आवाज येते, पण चित्र काळं आहे" असे कळले तर टीव्ही आणि त्याला जोडलेली डबी यांच्यातील जोडणीची वायर काढून पुन्हा घट्ट बसवून पाहावी, नाहीतर दुसऱ्या खाचेत लावावी. "डब्बीवर लाल दिवा लागला" म्हणजे रस्त्यात कोठेतरी तंतू तुटला. आणि "नंबर मागून राह्यलं" असे ज्या घरातून कानी येते, तेथे तारेत, वेगात किंवा यंत्रात शोधण्यासारखे काहीच नसते. खरा गुंता मात्र तेथेच असतो. त्याच्याकडे येण्यापूर्वी इतर बिघाडांची थोडी कैफियत देणे अवश्य आहे.

चित्रपट अखंड धारेने घरात येतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्वच्छतेच्या अनेक प्रतींत सर्व्हरवर ठेवलेला असतो, आणि टीव्हीतील ॲप मिळणारा वेग पाहून कोणती प्रत मागवावयाची ते क्षणोक्षणी ठरवीत, पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवून ठेवीत असते. गावात हे समजावून सांगताना मी रांजणाचा दाखला देतो: नळाची धार बारीक असली तरी रांजण भरलेला आहे तोवर तांब्या बुडवणाऱ्याला उणीव भासत नाही, रांजण रिता झाला की मात्र धारेखाली तांब्या धरून तिष्ठावे लागते. साध्या स्वच्छ चित्राला सेकंदाला तीन ते पाच मेगाबिट पुरतात, फोर-के चित्राला पंधराच्या आसपास लागतात, आणि आमची तार यापेक्षा पुष्कळ अधिक देते. तरीही वर्तुळ फिरते, याचे कारण आमच्या जुन्या घरांच्या बांधणीत आहे. राउटर ओसरीत, टीव्ही माजघरात आणि मध्ये दोन हात रुंदीची मातीची भिंत. वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण अशी भिंत ओलांडताना त्याचे बळ सरते, २.४ चा पट्टा भिंत ओलांडतो, पण त्यावर आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या राउटरांची दाटी असते. अशा ठिकाणी नवा महाग राउटर विकण्यापेक्षा चौकटीवरून एक साधी तार ओढून टीव्हीच्या पाठीत खोवावी, म्हणजे कटकट मिटते. मोबाईलच्या डेटावर टीव्ही चालवणाऱ्यांची अडचण निराळी. दिवसाचा दीड-दोन जीबीचा वाटा संपला की बहुतेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगात हलते चित्र चालणे अशक्य आहे. दुपारीच लेकरांनी तो वाटा संपवलेला असतो आणि सायंकाळी आजी रिमोट हाती घेऊन बसलेली असते.

लाल दिव्याची गोष्ट सांगताना हंगामाचा उल्लेख करावाच लागतो. सोयाबीन निघाले की आणि पुढे हरभरा निघाला की कुटाराने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रात्री-अपरात्री रस्त्यांनी चालू लागतात, आणि खांबाखांबांवरून ओढलेली आमची तार त्या ढिगात अडकून तुटते. ट्रॅक्टरवाल्याला ते कळतही नाही, आणि त्याला दोष देण्याचे माझ्या मनात येत नाही. कुटार घरी पोचले नाही तर जनावरांच्या दावणी रिकाम्या राहतील. मग टोकापर्यंत जाऊन तुटलेली जागा हुडकावी, रस्त्याच्या कडेला सतरंजी अंथरावी, मोबाईलचा उजेड दगडाला टेकवून ठेवावा आणि सांधणीला बसावे. वरचे रबरी आवरण सोलले, आतले रंगीत लेपन काढले, की उरतो तो अवघा १२५ मायक्रॉन जाडीचा काचेचा धागा. तो स्पिरिटने पुसून क्लीव्हरवर सरळ कापावा लागतो. धुळीचा एक कण राहिला तरी जोड वाया जातो, आणि रस्त्यावर धूळ तर अखंड असते. सांधणीच्या मशीनच्या लहानशा पडद्यावर दोन्ही टोके समोरासमोर येतात, एक ठिणगी पडते आणि काच काचेत मिसळते. त्यावर बाही सरकवून ती तापवली की मग पॉवर मीटर लावावा: उणे वीसच्या घरात आकडा आला तर निश्चिंत व्हावे, उणे २७ डीबीएमच्या पलीकडे गेला तर पुन्हा कापावे. एका तंतूतून आलेला प्रकाश पुढे बत्तीस घरांत वाटलेला असतो. त्यामुळे जोड बसताच एकामागून एक फोन येऊ लागतात आणि प्रत्येक फोनवर "आलं भाऊ" एवढेच दोन शब्द असतात. या कामात जे समाधान आहे ते मला दुसऱ्या कशातही मिळालेले नाही.

काही बिघाड मात्र असे असतात की तार, वेग, वर्गणी सारे यथास्थित असूनही पडदा हलत नाही. साखरखेर्ड्याच्या बाजूला एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या घरी दुरुस्तीहून परत आलेल्या टीव्हीवर एकही ॲप उघडेना. त्याच वायफायवर त्यांचा मोबाईल निर्वेध चालत होता. कंपनीच्या मदतकेंद्राने टीव्ही पूर्ववत करा, ॲप काढून पुन्हा घाला, एवढेच वारंवार सांगितले होते, आणि गुरुजींनी ते सर्व निष्ठेने करून, काय काय केले त्याची तारीखवार नोंद वहीत ठेवली होती. ती वही वाचता वाचताच मला टीव्हीची तारीख पाहण्याची बुद्धी झाली. ती १ जानेवारी १९७० होती. यंत्रांच्या कालगणनेचा आरंभच त्या दिवसापासून धरलेला असल्यामुळे, घड्याळ हरपलेले यंत्र पुष्कळदा त्याच तारखेवर जाऊन बसते. सर्व्हर आणि टीव्ही यांची ओळख पटण्यासाठी जो दाखला सादर होतो त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत लिहिलेली असते. १९७० सालात बसलेल्या टीव्हीच्या लेखी तो दाखला अद्याप अस्तित्वातच आलेला नसतो, म्हणून तो प्रत्येकाला दारातून परत पाठवतो. तारीख लावली आणि सर्व ॲप उघडली. गुरुजींनी हे कारण माझ्याकडून पुन्हा एकदा संथपणे वदवून घेतले आणि वहीत स्वच्छ अक्षरांत लिहिले. पुढे त्या आळीतल्या तशाच एका टीव्हीचा दोष मला न बोलावता त्यांनीच दूर केला, हे ऐकून मला अतिशय आनंद झाला.

आता त्या नंबर मागणाऱ्या पडद्याकडे वळतो.

आमच्या भागातील बहुसंख्य खाती घरात राहणाऱ्या माणसाच्या नावावर नसतात. मुलगा पुण्याला चाकणच्या कारखान्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या वसाहतीत नोकरीला असतो. दिवाळीत तो घरी येतो, हौसेने मोठा टीव्ही आणतो, स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर खाते उघडतो, स्वतःच्या बँकेतून पैसे भरतो, आईवडिलांना दोन चित्रपट लावून देतो आणि चौथ्या दिवशी निघून जातो. या सगळ्यात ममतेवाचून दुसरे काही नाही. पुढे कधीतरी विजेच्या लपंडावाने म्हणा, ॲपच्या नव्या आवृत्तीने म्हणा, टीव्ही खात्याबाहेर पडतो आणि पडद्यावर ओटीपीसाठी चौकोन येतो. तो ओटीपी चाकणला जातो. मुलगा दुसऱ्या पाळीला असतो, मोबाईल फाटकावर जमा केलेला असतो, आणि पाच मिनिटांत त्या आकड्यांची मुदत संपते. आई त्याला पुन्हा फोन करायला संकोचते, कारण एका मालिकेसाठी कामावरच्या पोराला त्रास देणे तिला प्रशस्त वाटत नाही. आणि मुलाला वाटते, घरी सारे सुरळीत आहे. माझ्या पाहण्यात असे टीव्ही आहेत, की ज्यांच्यावर महिनोन्‌महिने वर्गणी भरली जात होती आणि घरात मात्र त्यांच्यावर टॉवेल वाळत होता.

वर्गणीच्या योजनांतही असाच घोटाळा होतो. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये केवळ मोबाईलवर चालणारी १९९ रुपयांची योजना भारतात आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा दर १४९ वर आणला. इतरांच्याही तशा योजना आहेत. त्या टीव्हीवर चालावयाच्या नाहीत हे शर्तींत लिहिलेले असते, पण ते इंग्रजीत आणि बारीक टाइपात. घेणारा केवळ रक्कम पाहतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, त्या दिवशी हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक सामना पाहत असल्याची नोंद झाली. मोबाईलवर तो फुकट होता, टीव्हीवर वर्गणी लागत होती, आणि हा भेद ठाऊक नसलेल्या शेकडो घरांनी दुपारी दोनच्या ठोक्याला आमच्या नावाने फोन लावला. ज्यांचे चित्र चालू होते त्यांचीही एक तक्रार होती: शेजारी डिशवर सामना पाहणारे लोक चेंडू पडण्याआधीच ओरडतात! तुकड्यातुकड्यांनी साठवत येणारे चित्र डिशच्या तुलनेत वीस-तीस सेकंद मागे राहते, त्यात बिघाड नाही, हे त्या दिवशी मी किती घरांना सांगितले असेल याची गणती नाही.

पैशाचा प्रश्न मात्र क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या वसुलीला बंधने घातली: कापण्याच्या चोवीस तास आधी इतला द्यावी, ठराविक मर्यादेवरील रकमेला दरवेळी खातेदाराची संमती घ्यावी. ही मर्यादा आरंभी पाच हजार होती, जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. त्या मर्यादेखालची रक्कम एकदा दिलेल्या परवानगीवर महिन्यामागून महिना जाऊ शकते. लोणार तालुक्यातील एका शेतकऱ्याने मला आपले पासबुक दाखवले होते. बँकेत शिक्का मारून छापून आणलेल्या त्या पानांवर पीक विम्याचे पैसे जमा झाल्याची एक ओळ होती, आणि तिच्याखाली दर महिन्याच्या एकाच तारखेला एकच लहान रक्कम खर्ची पडलेली होती. तो ती बँकेची काहीतरी कपात समजत होता आणि बँकेत विचारण्याचे धाडस त्याला झाले नव्हते. भाच्याने एका सुटीत त्याच्या मोबाईलवर मालिका पाहताना यूपीआयने पैसे भरले होते आणि ऑटोपेची संमती तशीच राहिली होती. ॲप मोबाईलमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे दिले त्याच्या ऑटोपेच्या पानावर जाऊन ती परवानगी रद्द करावी लागते, आणि तो अधिकार सर्वस्वी आपला असतो. त्याने ती स्वतःच्या बोटाने रद्द केली. गेलेले पैसे परत आले नाहीत. ज्या घरात बियाण्याच्या पिशवीचा हिशेब पैपैने होतो तेथे ही रक्कम मोठी होती, आणि मला आजही तिची हळहळ वाटते.

अशा अडचणीत सापडलेला मनुष्य मदतीचा क्रमांक शोधू लागतो आणि शोधात सर्वांत वर येणारा क्रमांक पुष्कळदा चोराचा असतो. पलीकडचा इसम अत्यंत अदबीने बोलतो, पडदा पाहता यावा म्हणून एक ॲप टाकावयास सांगतो, खातरजमेसाठी दहा रुपये पाठवायला लावतो, आणि त्या दहा रुपयांच्या पाठोपाठ खाते धुऊन नेतो. चिखलीकडच्या एका घरावर हा प्रसंग आला तेव्हा त्यांनी मला आधी बोलावले, पोलिसांना नंतर. माझी कळकळीची विनंती आहे की असे घडल्यास प्रथम १९३० हा क्रमांक फिरवावा, कारण तक्रार जितकी तातडीने नोंदली जाईल तितका पैसा वाटेतच अडकवण्याचा संभव अधिक असतो. खऱ्या मदतीचा क्रमांक त्या सेवेच्या स्वतःच्या ॲपमध्ये दिलेला असतो, तोच घ्यावा.

लोणारच्या वाटेवरच्या एका गावातील घराची हकीकत मी अनेकदा मनाशी उजळली आहे. यजमान एस.टी.त चालक होते, निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या नावाने आणि आपल्या मोबाईलवर खाते उघडले होते, वर्षाची वर्गणी एकदम भरली होती, आणि रोज सायंकाळी जुने मराठी चित्रपट पाहण्याचा त्यांचा नेम होता. ते गेल्यानंतर त्यांचा मोबाईल रिचार्जअभावी बंद पडला. टीव्ही मात्र चालू होता, आणि त्यांची पत्नी, म्हणजे मावशी, त्याच खात्यावर त्यांनी पाहिलेले चित्रपट पुन्हा पाहत असत. पुढे कोणा नातेवाइकाने चित्र सुधारावे म्हणून टीव्ही मुळापासून पुसून नव्याने लावला आणि पडदा नंबर मागू लागला. मावशींना तो नंबर तोंडपाठ होता. परंतु बंद पडलेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला देण्याची मुभा असते, आणि तो तसा दिला गेला होता. मी फोन लावला तेव्हा कोणा दूरच्या मुलखातील मजुराने हिंदीत उत्तर दिले. त्याच्याकडून ओटीपी मागून घेणे शक्य होते, पण दुसऱ्याच्या क्रमांकावर आलेला आकडा मागावयाचा नाही हा नियम मी स्वतःसाठी घातलेला आहे आणि तो मोडावयास मी तयार नव्हतो. म्हणून मदतकेंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीने सभ्यपणे सारे ऐकले आणि म्हटले, खातेदारांना फोन द्या. मावशींनी माझ्या हातून मोबाईल घेतला आणि सांगितले, "ते नाहीत आता." पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला, मग ते घरी केव्हा येतील. त्या मुलीपुढे जो कागद ठेवला होता त्यात याखेरीज दुसरा प्रश्नच लिहिलेला नव्हता, हे मी जाणतो, म्हणून तिला मी दोष देत नाही. पण ज्यांनी तो कागद लिहिला त्यांना मनुष्य मरतो ही गोष्ट विचारात घ्यावीशी वाटली नाही, याचा मला विषाद वाटतो. शेतीचा धनी गेला तर तलाठ्याकडे अर्ज करून वारसांची नावे सातबाऱ्यावर चढतात. बँकेत नामनिर्देशन असते. एवढेच काय, रेशनकार्डावरचे नावही कमी-जास्त होते. ज्या खात्याची वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली आहे, त्याचे उरलेले महिने पत्नीला मिळण्याची काहीच तजवीज त्या सेवेत नव्हती.

शेवटी मावशींच्या स्वतःच्या साध्या मोबाईलच्या क्रमांकावर नवे खाते उघडले. ओटीपी संदेशाने येतो, त्याला मोठा मोबाईल लागत नाही. आलेले आकडे मी वाचले नाहीत. त्यांनीच चष्मा लावून एकेक आकडा रिमोटने दाबला, एकदा चुकला तो पुसून पुन्हा घातला, आणि खात्यावर नाव काय द्यावयाचे असे पडद्याने विचारले तेव्हा त्यांनी आपले पूर्ण नाव सांगितले, नवऱ्याच्या नावासकट. ते लिहून घेतले आणि खाते सुरू झाले.

तेव्हापासून मी माझ्या कामाची रीत ठरवून टाकली आहे. रिमोट शक्यतो मी हातात घेत नाही. जो रोज पाहणार त्याच्याच हाताने सारे करवून घ्यावे, वेळ लागला तर लागू द्यावा. मुलगा फोनवरून "दादा, तुम्हीच करून द्या, आईला नाही समजायचं" असे म्हणतो, तेव्हा मी त्याला नम्रपणे सांगतो की कापसाचा भाव, खताचा हप्ता आणि सावकाराचे व्याज ज्या माउलीने डोक्यात ठेवले तिला सहा आकडे समजावयास हरकत नाही. पडदा तिच्या भाषेत बोलत नाही, हा दोष पडद्याचा आहे. मोठ्या सेवांपैकी एकीने जुलै २०२३ मध्ये भारतातही असा नियम लागू केला, की एक खाते एकाच घराने वापरावे, आणि घर म्हणजे एका छपराखाली, एका वायफायवर असलेली माणसे. हा नियम करणाऱ्यांचे धंद्याचे गणित मी समजू शकतो. परंतु पोटासाठी ज्यांचा एक मुलगा चाकणला, एक सुरतेला आणि आईवडील मेहकर तालुक्यात आहेत, त्यांचे कुटुंब या मोजमापाने तीन ठिकाणी तुटते आणि गावाकडच्या टीव्हीवर पुन्हा तोच चौकोन येतो. हे अन्यायाचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या सेवा मराठी चित्रपट दाखवून मराठी माणसाकडून वर्गणी घेतात, त्यांनी पडद्यावरची सूचना मराठीत द्यावी, मदतीला मराठी बोलणारा मनुष्य ठेवावा आणि खातेदाराच्या मृत्यूनंतर खाते वारसाकडे देण्याची सोय करावी, एवढी मागणी अवाजवी नाही.

ते होईल तेव्हा होईल. तूर्त ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि ज्यांच्या हातात त्यांच्या टीव्हीची किल्ली आहे, अशा वाचकांना माझे सांगणे आहे. खाते आईच्या किंवा वडिलांच्या क्रमांकावर करा. पैसे तुम्ही भरा, पण ओटीपी त्यांच्याकडे येऊ द्या. पासवर्ड मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. वडिलांचा मोबाईल त्यांच्या पश्चात निदान सर्व खात्यांचे क्रमांक बदलून होईपर्यंत रिचार्ज करीत राहा. आणि येत्या दिवाळीला घरी गेलात की टीव्ही लावून देण्याची घाई न करता रिमोट आईच्या हातात द्या, तिच्याशेजारी बसा, आणि तिला एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावयास शिकवून मगच परतीची गाडी धरा.